तिसरी घोंगडी

डोळे मिटा मुलांनो, पण नाक उघडं ठेवा. वायोमिंगमधल्या एका लहानशा गावची जत्रा आहे. मैदानामागे घोडे बांधलेत. घाम, चामडं, ताजं शेण, पलीकडून तळलेल्या कणकेचा गोडसर वास. आणि या सगळ्यांच्या खालून आणखी एक वास येतोय. माळ्यावर उंदीर मरून पडला की येतो तसा.

जोलीने खोगिराखालची घोंगडी उचलली आणि नाक मुरडलं.

आत दुसरी घोंगडी होती. तिच्याखाली, बिस्किट नावाच्या तिच्या घोडीची मान जिथे संपते तिथे, दोन्ही बाजूंचं कातडं सोललं होतं. लोकर पुवात चिकटली होती. ती सोडवताना बिस्किटचं सगळं अंग थरथरलं, पण तिने लाथ मारली नाही. माशा लगेच येऊन बसल्या.

"नाक काय मुरडतेस, जोले?" डुएनकाका मागून म्हणाला. "घोडीला घोडीचाच वास येणार. अत्तर लावते का ती?"

"हा घोडीचा वास नाही, काका. सडल्याचा आहे."

खोगिरं जोलीला तिच्या आजीने शिकवली होती. धावतं वासरू दोरीच्या फासात धरायचं खोगीर जड, त्याची पुढची मूठ जाडजूड, कारण दोरी तिलाच बांधतात. पिंपांभोवती शर्यत धावायचं हलकं आणि खोल बैठकीचं. डोंगरात दिवसभर हिंडायचं ते मऊ. "पण कुठलंही असो," आजी म्हणायची, "खोगीर आपल्या बुडाच्या मापाचं नसतं गं, घोड्याच्या पाठीच्या मापाचं असतं. फेरी झाली की घाम बघायचा. सगळी पाठ ओली आणि मधेच कोरडा डाग असला, तर तिथे खोगीर चावतंय."

उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जोलीने काकाला असा डाग दाखवला होता. तो हसला होता. "बघ, घामसुद्धा नाही. मजेत आहे ती." आणि वर त्याने दुसरी घोंगडी घातली होती. त्या भागात पुष्कळजण तसंच करतात. बूट चावतो म्हणून आत आणखी एक मोजा.

हे खोगीर काकाने याच जत्रेत वासरं धरण्याच्या शर्यतीत जिंकलेलं. कडेला चांदी, मागे मोठ्या अक्षरांत कोरलेलं त्याचं नाव. त्याच्या सडपातळ घोड्याला ते बरोबर बसायचं. तो घोडा हिवाळ्यात मेला, तेव्हापासून ते बिस्किटवर होतं. बिस्किट जोलीची, पाटासारख्या रुंद पाठीची. आज मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे जोली तिच्यावर बसणार होती. गेल्या जत्रेपासून ती याच दिवसाची वाट बघत होती. आणि मिरवणूक संपली की त्याच खोगिरावरून काका वासरू धरणार होता. वासराचा हिसका मुठीला. मुठीचा हिसका त्या जखमेला.

"आज नको ना, काका. तिला मोकळी सोडू."

"एवढी माणसं मला बघायला आलीत." काकाने जखमेवर बोट दाबून पाहिलं. बिस्किट कण्हली. त्याने पू विजारीला पुसला आणि त्याच हाताने तळलेल्या कणकेचा तुकडा तोंडात टाकला. मग जोलीच्या अंगावर एक कोरी लाल घोंगडी फेकली. "ही घाल वरून. प्रेक्षकांच्या स्टँडवरून जखम दिसत नसते. खोगीर दिसतं."

तोंड पुसत तो फाटकाकडे गेला, लोकांशी हात मिळवायला.

जोलीने लाल घोंगडी कठड्यावर टाकली. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, सोडला.

भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं गेलं. फाटक उघडलं. लोक उभे राहिले, टोप्या उतरल्या. मिरवणुकीच्या पहिल्या घोड्यासाठी तिथे उतरवतातच.

जोली पायी आत आली. एका हातात बिस्किटची दोरी होती. घोडीची उघडी पाठ उन्हात, स्टँडच्या बाजूला. दुसऱ्या हातात तंगाचं टोक होतं आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसं ते चांदीचं खोगीर ती शेणामातीतून ओढत नेत होती. काकाचं नाव तिने नीट वरच्या बाजूला ठेवलं होतं.