चोरदरवाज्याची किल्ली

चोरदरवाज्यापाशी एकार्ट थांबला, पण आज त्याच्या तोंडून गोष्ट फुटेना. एकतीस वर्षं तो बसभर पाहुण्यांना आमच्या लिंडेनवेर्टच्या किल्ल्यात आणून इथेच उभं करत आला होता. पाहुणे वाट बघत होते. बसचा ड्रायव्हरसुद्धा चढण चढून आला होता. गोष्ट त्याला पाठ होती, तरी आवडायची.

गोष्ट अशी, की सतराव्या शतकात स्वीडनच्या फौजेने गावाला वेढा घातला होता आणि गाव काही केल्या हटत नव्हतं. तेव्हा या दाराचा पहारेकरी फाइट हेर्टलाइन याने एका पहाटे आतून कडी काढली. गाव बुडालं.

आज सकाळी न्यूरेंबर्गहून निघताना एकार्टने प्रवाशांची यादी वाचली आणि एका नावापाशी तो अडला. अकरावं नाव होतं ओटिली हेर्टलाइन, वय ब्याऐंशी, निवृत्त शिक्षिका.

फाइट नावाचा पहारेकरी कधी नव्हताच. धान्य संपलं, दारूगोळा संपला आणि पंचांनी स्वतःच मोठा दरवाजा उघडून दिला, एवढंच गावच्या दप्तरात आहे. पंचवीस वर्षांच्या एकार्टला ते अगदी अळणी वाटलं. त्या दिवशी पाऊस होता, पाहुणे जांभया देत होते, म्हणून त्याने एक फितूर उभा केला. फितुराला नाव हवं. दर सप्टेंबरात आमच्याकडे वेढ्याच्या आठवणीची मिरवणूक निघते आणि तिच्यात या दाराची किल्ली मखमली उशीवर घेऊन चालण्याचा मान बेकरीवाल्या हेर्टलाइनांचा. लहानपणापासून पाहिलेलं तेच नाव जिभेवर आलं. जांभया थांबल्या. पुढच्या वर्षी गोष्ट गावाच्या माहितीपुस्तिकेतही छापून आली.

त्याच वर्षी म्हाताऱ्या हेर्टलाइनने किल्ली नगरपालिकेच्या टेबलावर आणून ठेवली. गुडघे दुखतात, म्हणाला. गावाला ते पटलं. एकार्टला पटलं नाही, पण तो मूग गिळून बसला. आता किल्ली अग्निशामक दलाचा प्रमुख वाहतो आणि मिरवणुकीच्या दिवशी एकार्टला नेमकं परगावी काम निघतं. आपण भित्रे आहोत हे त्याला ठाऊक होतं. तरी गोष्ट तो सांगतच राहिला, कारण लोकांना ती हवी असायची.

आज मात्र ओटिलीबाई पहिल्याच रांगेत उभ्या होत्या. हातात काठी, नजर दारावर. बसमधल्या ओळखीत त्यांचं आडनाव सगळ्यांनी ऐकलं होतं आणि पुस्तिकेतली गोष्टही सगळ्यांनी वाचली होती.

"ही गोष्ट खोटी आहे," एकार्ट म्हणाला. "मी रचलेली. हेर्टलाइनांनी या गावाचं कधीच काही वाईट केलं नाही."

मग मागून एक जाडेले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे त्या घरचं माणूस बसमध्ये असलं की इतिहास बदलतो म्हणायचा!"

लोक हसले, पण मायेने. एका बाईने तर एकार्टच्या दंडावर थोपटलं. तो शपथा घेऊ लागला, तशी मंडळी आणखीच खूश झाली. असा सभ्य गाइड मिळायला नशीब लागतं, असं म्हणत सगळे खाली आलुबुखाराचा केक खायला गेले.

ओटिलीबाई तेवढ्या राहिल्या. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. एकार्ट जवळ गेला. मी खरं तेच सांगितलं, म्हणाला, आणि माफी मागणार, एवढ्यात त्यांनी वर्ग गप्प करावा तसा हात वर केला.

"तुम्ही मनाने चांगले आहात. पण माझ्यासाठी खोटं बोलू नका. चांगल्या नांदत्या घराचं नाव घेऊन असलं काही कुणी उगाच रचेल का?"



मग बाई सांगत राहिल्या. बाबांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. एका पाहुण्याने ब्रेत्सेलचा पाव घेता घेता हसत विचारलं होतं, तुम्ही त्या फितुराच्याच घरातले का? बाबांनी पुस्तिका मागवून वाचली आणि दुसऱ्या दिवशी किल्ली परत केली. तेव्हापासून दर मिरवणुकीला ते दुकान बंद करून मागच्या वाटेने इथे यायचे. खाली बँड वाजायचा आणि हे टोपी हातात धरून या दारासमोर उभे राहायचे, मिरवणूक संपेपर्यंत. ते गेल्यावर बाई न्यूरेंबर्गहून रेल्वेने येऊ लागल्या. आता एकटीने प्रवास झेपत नाही, म्हणून ही सहल. पुढच्या वर्षी तेही जमणार नाही.

"बाबांना एकच हवं होतं," त्या म्हणाल्या. "गावातल्या कुणीतरी म्हणावं, झालं गेलं, आता पुरे. पण मागायची त्यांना लाज वाटायची. तुम्ही इथलेच ना?"

"हो. इथलाच."

"मग तुम्ही म्हणा."

दप्तर दाखवतो, चला, असं एकार्टच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक कागद पुढे केला की बाईंना पटलं असतं. आणि पटलं असतं, की बाबा इतकी वर्षं इथे उभे राहिले ते एका पोराने पाहुण्यांच्या जांभया थांबवल्या म्हणून. बाईंचा सुरकुतलेला हात अजून कडीवरच होता. खाली ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

एकार्टने टोपी काढून हातात घेतली आणि गावाच्या वतीने हेर्टलाइनांना माफ केलं.