नारीनची तारीख

घटस्फोटाच्या तारखेला तालाय आणि त्याची बायको बेरमेत एकाच गाडीतून नारीन शहरातल्या कोर्टात निघाले होते, कारण दोघांत गाडी एकच. दोलोन घाटाच्या उतारावर तालायच्या हातातलं स्टिअरिंग नुसतंच गरगर फिरायला लागलं. चाकं काही वळेनात.

"दार उघड आणि उडी मार," तो म्हणाला. "मी बघतो काय ते."

"अकरा वर्षं बघतोच आहेस," म्हणत तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी कडेच्या खडीच्या ढिगात रुतून थांबली.

दोघं रस्त्यालगत बसून राहिले. मग एक ट्रक थांबला. सगळं ऐकून ड्रायव्हर म्हणाला, "कोर्ट बंद व्हायच्या आत पोचवतो. पण जागा एकाचीच आहे."



बेरमेत म्हणाली, "तिथे दोघंही लागतात, भाऊ. तुम्ही व्हा पुढे."