दोरीला हात

पौषातल्या कोवळ्या उन्हात आसावरीबाई बदलीचा अर्ज घेऊन एसटी गाठायला किनाऱ्यावरून निघाल्या, आणि ओल्या वाळूत त्यांची चप्पल सटकली. तोल सावरायला त्यांनी हाताला लागलं ते धरलं. ती रापणीची दोरी होती. तीस माणसं समुद्रातलं जाळं त्या दोरीने काठाकडे ओढत होती.

"दोरीक हात लागलो म्हणजे वाटो लागलो!" रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल ओरडला. "आता सोडू नकात, ओढा!"

गावच्या शाळेत शिकवायला लागून तीन वर्षं झाली, तरी मालवणी बाईंच्या जिभेवर बसली नव्हती, आणि गाव परकंच वाटत होतं. पण दोरीला काय त्याचं! त्यांनी ओढणी कमरेला बांधली, तिच्यात अर्ज खोचला. मागे सरकताना त्या दोनदा पडल्या, तिसऱ्यांदा मागे दोरी ओढणाऱ्या शाळेच्या शिपायाला घेऊन पडल्या आणि पडल्या पडल्या हसत सुटल्या. जाळं काठाला आलं, तेव्हा फुटाण्यांसारखे बांगडे उडत होते.

वाळूवर सारखे वाटे पडले. कुठला कुणाचा, हे ठरवायला प्रत्येकाने आपली एक वस्तू तांडेलाकडे दिली. कुणी शिंपला, कुणी बांगडी. बाईंजवळ अर्जच होता. तांडेलाने डोळे मिटून तो एका ढिगावर ठेवला.

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. "बाई, धावा! गाडी इली!" म्हणत तांडेलाने अर्ज त्यांच्या हातात कोंबला. शाई पसरली होती, कोपऱ्याला खवले चिकटले होते. बाईंनी तो हुंगला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मालवणी निघाली.

"जावंदे गाडी! ह्यो अर्ज आता मांजरच मंजूर करतला!"