तीन पॉइंटचा बाण

"रेघेचा स्ट्रोक तीन पॉइंट जाड करा," बाणसाहेब म्हणाले आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून उभे राहिले. "अर्ध्या पॉइंटचा बाण म्हणजे उंदराची शेपटी."

बाणसाहेब हे नाव ऑफिसने ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. लेआउट विभागाचे ते प्रमुख. पंख्याचं माहितीपत्रक असो की दातांच्या दवाखान्याची जाहिरात, त्यांच्या हाताखालून गेलेल्या पानावर एक गलेलठ्ठ, सावली पडलेला, उगाचच वळण घेतलेला बाण असायचाच. बाणाचं टोक सॉफ्टवेअर आपलं आपण काढून देतं, हे त्यांना गेल्या वर्षी कोणीतरी सांगितलं. तोवर ते रेघेच्या नाकावर त्रिकोण चिकटवत आणि रेघ हलवली की त्रिकोण मागेच लोंबकळत राही. आता मात्र ते इतरांना टिपा द्यायचे. शिफ्ट दाबून ओढा, रेघ सरळ येते. रेघ जाड करा, टोक आपोआप मोठं होतं. ही दुसरी टीप सांगताना तर त्यांची छाती अशी फुगायची, की टोक त्यांनीच मोठं केलंय.

पडद्यावर लहान मुलांच्या तापाच्या औषधाबरोबर जाणारा कागद होता. मधोमध मापाच्या टोपणाचं चित्र, त्यावर दोन रेघा. खालची अडीच मिलीची, वरची पाचची. वर्षाच्या आतल्या बाळासाठी बाण खालून तिरका येऊन पहिल्याच रेघेला टेकायला हवा. तिने तो तसाच काढला होता, सुईसारखा. चार वाजता पान छपाईला जाणार होतं. ऐंशी हजार प्रती.

तिने स्ट्रोक तीन केला. टोक फुगलं, पुढे घसरलं, खालची रेघ गिळून थेट वरच्या रेघेला जाऊन भिडलं.

"हां. आता कसं भारदस्त दिसतंय."

"सर, हा पाचवर गेलाय."

"शेजारी अडीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण चित्र काढतो ते न वाचणाऱ्यासाठीच. बाण थोडा खाली ओढू का?"

"ओढाल, आणि तो अक्षरांवर चढेल. नका हात लावू." बाणसाहेब हसले. "मॅडम, घरात तान्हं बाळ असलं की बाईला जिथेतिथे धोका दिसतो. आमच्या हिचंही तसंच झालं होतं. सुट्टीवरून येऊन किती दिवस झाले तुम्हाला?"

"तीन आठवडे."

"मग होईल सवय. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. मला काही घाई नाही."

तिने पानाची एक प्रत छापून आणली, आणि चित्र काढायला म्हणून औषधवाल्यांनी दिलेलं टोपण त्या प्रतीवर ठेवलं. शेजारी स्वतःची पाण्याची बाटली ठेवली.

"सर, एवढं एक करा. बाळ सहा महिन्यांचं आहे, रडतंय, आणि चष्मा सापडत नाहीये. नुसत्या चित्रावरून पाणी ओता."

"परीक्षा घेताय माझी?" म्हणत त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद हातभर लांब धरला. हात कसा स्थिर आहे हे तिला दिसावं अशा बेताने ते सावकाश ओतत राहिले. पाणी वरच्या रेघेशी थांबलं.

"झालं. यात अवघड काय होतं?"

"दुप्पट झालं, सर."

त्यांनी टोपणाकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. परत टोपणाकडे. चहात माशी पडावी तसा चेहरा झाला, पण क्षणभरच.

"त्यात बाणाचा काय दोष? लोकांनी वाचायला शिकावं. आपण कुणाकुणाच्या पोरांना पुरे पडणार? जाऊ द्या पान." आणि टोपणातलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं.

एवढं बोलून ते मोबाइल घेऊन खिडकीपाशी गेले. पाठ तिच्याकडे, आवाज अगदी खाली. पण गेले सहा महिने तिचे कान तीन भिंतींपलीकडे बाळाने कूस बदललेलीही ऐकत होते.

"सूनबाई, परवा मी त्या औषधाची नमुन्याची बाटली आणली होती ना... हो, तीच. तिच्यासोबत मी दिलेला कच्चा कागद फेकून दे... अगं, मीच केलाय, म्हणून तर सांगतोय. त्या चित्रावर अजिबात जाऊ नकोस... नाही ना दिलंस अजून? बरं झालं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिल्लूला थेंबभरसुद्धा द्यायचं नाही."

फोन बंद करून त्यांनी मोबाइल खिशात टाकला. रुमालाने मान पुसली. वळले तेव्हा चेहरा पुन्हा विभागप्रमुखाचा झाला होता.

"पाठवलं का पान?"

"एक विचारायचं राहिलंय." तिने चित्राखाली मजकुराची एक रिकामी चौकट उघडून ठेवली होती. "सूनबाईंना सांगितलंत ते इथे टाकू, की बाण अर्ध्या पॉइंटचा करू?"