धुक्यातली हाक

बर्फातून निघालेल्या कॅमेऱ्यात शेवटी नुसतं धुकं होतं आणि त्यात तिच्या दादाची हाक, “ये!” त्या हाकेसरशी मागे थांबलेला मित्र पुढे आला आणि दोघंही दरीत गेले, खापर दादाच्याच माथी फुटलं. ती आज त्याच कड्यावर पोचली होती, व्हिडिओतल्या खुणा शोधत, झोपेत चालावं तशी. वळणाआड, दोरीच्या दुसऱ्या टोकाला त्या मित्राची मुलगी थांबली होती. एवढ्यात पायाखालचा बर्फ कण्हला. “येऊ नकोस!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. धुक्यानं कापसागत तिचा आवाज टिपून घेतला. दोरी सैल पडली. धुक्यातून आधी नारिंगी हातमोजा उगवला, मग पोरगी. तिनं झडप घालून पोरीला खडकाशी ओढलं. “अगं, वेडी का तू? ओरडले ना मी!” “हो की, मावशी,” पोरगी हसली. “‘ये’ म्हणालीस ना?”