जड हात

फ्लाइंग क्लबचं जुनं विमान वर चढताना धापा टाकायला लागलं, तशा शिकवणाऱ्या बाई तडक मालकाच्या खोलीत शिरल्या. “इंजिन झिजलंय साहेब. उघडून बघा, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल.”

मालकाने हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. “इंजिन ठणठणीत आहे. जड आहेत ते तुमच्या पोरांचे हात. गार इंजिन सुरू केल्या केल्या पळवायला लागतात, उतरताना वेगाचा दांडा, थ्रॉटल, खाडकन मागे ओढतात. आधी त्यांच्या सवयी सुधारा!”

सवयी वाईट होत्या, हे काही खोटं नव्हतं. बाईंनी सगळा राग पोरांवर काढला. असं फैलावर घेतलं, की दोघांतिघांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानंतर आठवडाभर, बाई शेजारी बसलेल्या असताना, पोरांनी ते विमान तळहातावरच्या फोडासारखं जपलं. धाप काही थांबली नाही.

मग मालकाच्या मुलीचा एकटीने उडायचा पहिला दिवस आला. तिचा हात सगळ्यांत हलका. कुणी कुठलं विमान उडवायचं त्या फळ्यावर बाईंनी तिच्या नावापुढे मुद्दामच ठळक अक्षरांत लिहिलं, ‘जुनं विमान’. “ठणठणीत आहे ना? मग होऊन जाऊ दे,” त्या दात-ओठ खात पुटपुटल्या.

 

मालक आला, त्याने फळा वाचला, शर्टाच्या बाहीने ते दोन शब्द पुसले आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या नावापुढे लिहिले.