हिरवा कोपरा

बेरीज काही केल्या पटेना. संध्याकाळी मुलं खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा दाटीवाटीने बसतात, आणि तक्त्यात ताईच्या वाचनालयाचे वाचक धाकटीच्या वाचनालयापेक्षा कमी. दुपारी समिती बसणार होती. दोहोंपैकी एकच वाचनालय राहणार, ज्याचे वाचक जास्त ते. दोन्हींचा तक्ता धाकट्या बहिणीनेच केला होता.

ताईने चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावलं. तिच्याकडचे संध्याकाळचे आकडे चौकोनांत डावीकडे चिकटून बसले होते, बाकी सगळे उजवीकडे. तिला हसूच आलं. आकड्याआधी एखादं बारीक चिन्ह पडलं की कॉम्प्युटर त्याला अक्षर समजतो, बेरजेत धरत नाही. तिने धाकटीला फोन लावला.

"अगं वेंधळे, सापडली चूक. माझी संध्याकाळ बेरजेत आलीच नाही."

"अय्या, हो का? चुकून झालं असेल गं, ताई. घाईत केला ना."

"असू दे. मी करते नीट. आणि समितीत दोघी मिळून बोलू. दोन्ही राहू द्या म्हणावं. तुझं बंद पडलेलं मला थोडंच बघवणार आहे?"

फोन कानाशी धरूनच ताईने माऊस सरकवला. तक्त्याच्या माथ्यावर दोन्ही वाचनालयांचे फोन नंबर होते. पहिलं शून्य गळू नये म्हणून तेही अक्षरांसारखेच लिहिलेले. त्या चौकोनांचे कोपरे हिरवे होते.

धाकटीला हे काम तिनेच शिकवलं होतं. एकच खुर्ची, दोघी अर्ध्या-अर्ध्या बसायच्या. धाकटीच्या वेणीला तेलाचा वास यायचा. "आकडा अक्षर झाला की कॉम्प्युटर आपणहून हिरवा कोपरा दाखवतो. दिसला की थांबायचं. आपण स्वतः 'दुर्लक्ष करा' दाबलं तरच तो जातो, पण ते कधी दाबायचं नाही." धाकटी मान डोलवायची.

ताई संध्याकाळच्या रकान्यावर आली. वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं. आकडे डावीकडेच चिकटलेले, पण एकाही चौकोनाला हिरवा कोपरा नव्हता.

"ताई, गप्प का झालीस?" धाकटीने विचारलं. "सापडली ना चूक?"

"नाही गं," ताई म्हणाली. "चूक नाहीच सापडली."